एकशे पंच्याहत्तर

एकशे पंच्याहत्तर मेगाबाइट. वर एक दाणा नाही.
चार भाग बसले की सीडी भरते,
आणि भरलेली सीडी गुरुवारच्या बोटीनं
तीन दिवस नदी चढत
ऑबिदुसला एदिल्सोंच्या दुकानात पोचते,
जिथे टेलिफोनची तार एका भागाला
सहा रात्री घेते
आणि पाचव्या रात्री तुटते.

अकराव्या भागात बर्फ पडतो.
चार मिनिटं बावीस सेकंद, नुसता बर्फ.
आम्ही बेलेंची माणसं,
बर्फ पाहिलाय तो मासळीबाजारातल्या पेट्यांत,
खवले चिकटलेला.
पण त्याचं वजन मला ठाऊक आहे.
प्रत्येक कण आपल्या वाटेनं उतरतो,
मागच्या फ्रेमचं उसनं पुढच्या फ्रेमला चालत नाही,
यंत्र दर क्षणी नव्यानं हिशेबाला बसतं.
आणि ती आई, खिडकीशी, पापणी न हलवता बसलेली,
ती जवळजवळ फुकटात पडते.
दुःख स्वस्त, हवामान महाग.

पहिल्या खेपेला बर्फाचे चौकोन झाले,
काळ्या आकाशाला पायऱ्या पडल्या.
दुसऱ्या खेपेला फिल्टर लावून रवाळपणा पुसला,
तर बर्फही पुसला गेला
आणि आई साबणाच्या वडीची झाली.
तिसऱ्या खेपेला हात सैल सोडला. देखणं आलं.
दोनशे एक्केचाळीस.
बघत बसलो दोनदा,
मग फाइल उडवली.

रात्री साडेअकराला हात्सुए कामिमुरांचा फोन,
तोमे-असूहून, मिरीच्या मळ्यातून.
एकाहत्तर वर्षांच्या, आमचा सगळा अनुवाद त्यांचा.
म्हणाल्या, त्या जागी मुलगी एक शब्द बोलते,
शिन-शिन.
बर्फ पडताना जो आवाज होत नाही, त्याचा आवाज.
पोर्तुगीजमध्ये चार तऱ्हांनी लिहून पाहिलं,
एक दोन ओळींत मावेना,
उरलेल्या तिघी खोटं बोलत होत्या.
तिथे काही लिहू नकोस.
बर्फ दिसू दे, म्हणजे झालं.

म्हणजे आता सगळं माझ्यावर.

कुठून आणायचं?
आधी आवाज शहाण्णववर उतरवला,
तर दहाव्या भागातले रातकिडे
कढईत टाकल्यासारखे चरचरले. परत केला.
मग सुरुवातीचं गाणं धरलं, दीड मिनिट,
तलवारी, ठिणग्या, उडते केस.
तिसऱ्या भागानंतर ते बघतं कोण?
तिथे कात्री लावली, चारही भागांत.
आमची नावं त्या गाण्यावरच सरकतात.
लुसिनेइया, जी रात्र रात्र वेळा जुळवते,
म्हणाली, माझ्या नावाचा शेवट कुठाय?
म्हटलं, बर्फात.

एकशे बहात्तर, एकशे एकाहत्तर,
एकशे पंच्याऐंशी,
एकशे बहात्तर.
बेरीज सातशे. नियम मीच केला होता.

केसचं झाकण काढून टेबलफॅन आत रोखला.
पहिल्या फेरीत यंत्र काही लिहीत नाही,
नुसतं पाहतं: कुठे जड, कुठे हलकं.
दुसऱ्या फेरीत वाढायला घेतं.
इतका शहाणपणा आमच्या घरी कुणाला सुचला असता,
तर वडिलांचं दुकान अजून असतं.
पहाटे चारला झोपलो,
नऊला उठलो तेव्हा बासष्ट टक्के झालं होतं.

पुढच्या बुधवारी एदिल्सोंचा फोन.
चौदा इंची टीव्ही, बाकांवर अकरा जण,
दोन पोरं खाली, फरशीवर.
अक्षरं गेली तेव्हा एकानं विचारलं, बिघडलं का?
कुणी उत्तर दिलं नाही.
मग कुणीतरी उठून छताचा पंखा बंद केला,
ऐकू येत नाही म्हणाला.
काय ऐकू येत नाही ते त्यालाही सांगता येईना.
उकाड्यात बसून राहिले सगळे.

बरं, म्हटलं.

डावीकडे वरच्या कोपऱ्यात, चौदाव्या मिनिटाला,
एक चौकोन राहिलाय,
अर्धा सेकंद, नखाएवढा.
एदिल्सोंला दिसला नाही. हात्सुएबाईंना दिसला असेल,
बोलल्या नाहीत.
अजून तीनशे किलोबाइट हवे होते.
दहाव्या भागात, पुलाच्या दृश्यात,
ते होते.